सुटं केळंही मोजायचं

रंजनाअक्का,

मागच्या रविवारी तुझ्या तासाची मुलं आली होती. या म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि येऊ नका असंही नाही. तू गेल्यावर घरातली मोठी माणसं ज्याला त्याला फोन करून कळवत होती, मुलांना मात्र काही सांगायचं राहूनच गेलं. केळीच्या शेडच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, तू लावायला सांगायचीस तशा भिंतीला लावून ठेवल्या आणि आत गोणपाटावर बसून राहिली. थोड्या वेळानं तन्वी माझ्याकडे आली. मी नळावर पाणी भरत होते.

"वैशूताई, आता तास कोण घेईल?"

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हणजे हो का नाही?"

हे तुझं वाक्य. पाचवीतल्या पोरीच्या तोंडून ते ऐकून मला हसू आलं, आणि मग हसू आलं याचंच वाईट वाटलं. मी पुन्हा नळाकडे वळले. मुलं बसली, कुजबुजली आणि घरी गेली.

शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली आहे. रविवारचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा, हे मोठीआईनं माझ्यावर सोडलंय. मोठीआई म्हणजे तुझी सासू, पण आमची सगळी गल्ली तिला मोठीआईच म्हणते. "शेड मी उघडून देईन," ती म्हणाली, "पन ते एबीसीडी काही मले येत नाही. तू पाहा." मी अजून हो म्हटलेलं नाही. लोकांसमोर उभं राहिलं की माझा आवाज घशातच बसतो, तुला माहीत आहे. लिहिताना तसं होत नाही. म्हणून आधी तुझ्याशी लिहून बोलते, मग रविवारचं ठरवते.

तुला मी आधी नुसतं लांबून पाहिलेलं होतं. माझे बाबा तुमच्या शेडवर केळीचे घड उतरवायला आणि गाडी भरायला येतात, तेव्हा त्यांचा डबा द्यायला मी यायचे आणि तू ओट्यावर काहीतरी वाचत बसलेली दिसायचीस. धुळ्याकडची नवी वहिनी, एवढंच माहीत होतं. बोलणं झालं ते जळगावहून असोद्याला येणाऱ्या एसटीत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काही अडलं तर घरी विचारायला कोणी नव्हतं. त्या दिवशी कॉलेजात स्पर्धा परीक्षेचा सराव पेपर होता. बुद्धिमत्ता चाचणीचा पहिलाच प्रश्न इंग्रजी वर्णमालेतलं अकरावं अक्षर कोणतं, असा होता. मी मनातल्या मनात ए, बी, सी असं गाणं म्हणत बोटांवर मोजायला लागले. ते मनातल्या मनात राहिलं नसावं, कारण पुढच्या बाकावरचा मुलगा वळला आणि माझ्या चालीत मोठ्यानं म्हणायला लागला. सगळा वर्ग हसला. पुढचे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत.

तू शेजारी येऊन बसलीस. मांडीवर भाजीची पिशवी होती.

"काय झायं? तोंड का उतरेल शे?"

मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, आईलाही मी ते सांगणार नव्हते. शेवटी म्हणाले, "तुम्ही कोणाला सांगू नका."

"कोणाला सांगत नाही. पण तुम्ही म्हणू नको. मी काय तहसीलदार शे?"

मग तू विचारलंस, के कितवा. माझे ओठ हलायला लागले तशी तू माझा हात धरलास.

"गाणं नको. गाणं दरवेळी पहिल्यापासून म्हणावं लागतं. तुझे बाबा घड भरतात ना? तिसरी फणी पाहायची असली तर वरपासून एकेक केळं मोजतात का?"

"नाही."

"मग आपण का मोजायचं? पाच-पाच केळ्यांची एक फणी धर. ए ते ई पहिली. एफ ते जे दुसरी. के ते ओ तिसरी, पी ते टी चौथी, यू ते वाय पाचवी. आता फक्त प्रत्येक फणीचं टोकाचं केळं लक्षात ठेव. ई, जे, ओ, टी, वाय. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. सांग, के कितवा?"

"जे दहा. के अकरा."

"एस?"

"टी वीस... म्हणजे एस एकोणीस."

"झेड?"

"झेड कुठल्याच फणीत बसत नाही."

"नाही बसत. ते सुटं केळं. सव्वीस."

पुढच्या सीटवरचे एक आबा केव्हापासून ऐकत होते. ते मागे वळून म्हणाले, "पोरी, पाच केळ्यांची फणी कोन्या बागेतली? व्यापारी गाडीला हात लावू देनार नाही."

"आबा, परीक्षेत चालते," तू म्हणालीस. "तिथं व्यापारी नसतो."

आजूबाजूचे सगळे हसले. सकाळी वर्ग हसला होता आणि संध्याकाळी एसटी हसली, पण या वेळी मी हसणाऱ्यांत होते. स्टॉप येईपर्यंत मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरांचे नंबर लावत होते, आणि तू नुसती मान हलवत होतीस. एकदा मी चुकले तर चुकलं म्हणाली नाहीस. "कुठून मोजलंस?" असं विचारलंस.

तुझं हे विचारणं मला आजपर्यंत कुठल्याही शाळेत ऐकायला मिळालेलं नाही. आमच्याकडे उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं. तुझ्याकडे उत्तर कुठून तरी निघालेलं असायचं, आणि ते कुठून निघालं हे तुला आधी बघायचं असायचं. मुलं तुझ्यापुढे चुकायला घाबरत नव्हती. मीही नाही.

रविवारी दुपारनंतर गाडी भरायची, म्हणून सकाळी शेड रिकामी असायची. तिथे तू तास सुरू केलास. बागवाल्यांची मुलं आणि गाडी भरणाऱ्यांची मुलं एकाच गोणपाटावर बसायची. त्याबद्दल तू कधी भाषण दिलं नाहीस, दुसरं गोणपाट आणलंच नाहीस, एवढंच. मोठीआई दारात येऊन म्हणायची, "धुळ्याहून सून आनली का शाळा आनली?" तू म्हणायचीस, "दोन्ही एकाच गाडीत उनात, मोठीआई." तुझी अहिराणी आणि तिची असोद्याची बोली, अशी तुमची जुगलबंदी मुलं कान देऊन ऐकायची. शिकवताना तू शाळेतलं मराठी बोलायचीस. खूश झालीस किंवा रागावलीस की अहिराणीवर यायचीस. मुलांना ते बरोबर कळायचं. "बठ्ठा बरोबर शे", सगळं बरोबर आहे, असं तू म्हणालीस की त्या मुलाचा दिवस चांगला जायचा.

मी आधी ऐकायला म्हणून आले आणि मग तुझ्या शेजारी बसायला लागले. आपलं भांडण झालं ते तक्त्यावरून. मी जळगावहून वर्णमालेचा रंगीत तक्ता आणला होता, प्रत्येक अक्षराखाली सरळ नंबर आणि उलटा नंबर. मी तो शेडच्या भिंतीला लावला. तू तो काढून, नीट गुंडाळून, माझ्या हातात दिलास.

"परीक्षेला भिंत नेता येत नाही," तू म्हणालीस.

"पण पाहून पाहून पाठ होतं."

"पाठ होतं, पण एक घर घसरलं तर कळत नाही घसरलं म्हणून."

मी रुसले होते. अक्का, माझं अजूनही म्हणणं आहे की तक्ता लावायला हरकत नव्हती. लहान मुलांना रंग आवडतात. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला साधारण माहीत आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायला आवडलं असतं.

आणि मग तो दिवाळीच्या आधीचा रविवार. त्याच्याबद्दल मला लिहायचंच आहे.

तू मुलांना विचारलंस, शेवटून सातवं अक्षर कोणतं. सगळ्यांनी मान खाली घालून मोजलं आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. एस. उत्तर टी आहे. एखादं मूल चुकतं तेव्हा समजतं, पण सगळी मुलं एकसारखी चुकली होती. शहरातल्या क्लासचे सर असते तर सगळ्यांना बावळट म्हणून मोकळे झाले असते. तू खाली बसलीस, मुलांच्या उंचीला आलीस आणि विचारलंस, "तन्वी, कुठून मोजलंस?"

"वायपासून."

"वायपासून का? शेवटी तर झेड आहे."

तन्वीनं तुझ्याकडे असं पाहिलं की जणू एवढंही तुला कळू नये. "अक्का, झेड सुटं केळं आहे. सुटं केळं घडात कुठं मोजतात? ते खाऊन टाकतात."

बाकीच्या मुलांनीही माना हलवल्या. खरंच होतं ते. आमच्याकडे घड उतरवताना जे केळं सुटून पडतं ते गाडीत जात नाही. ज्याच्या हाताला लागेल तो खातो. ती मुलं लहानपणापासून शेडमध्ये तेच खात आली होती. तू झेडला सुटं केळं म्हणालीस आणि त्यांनी झेड खाऊन टाकला.

तू इतकी हसलीस की तुला भिंतीला टेकावं लागलं. मग हसणं थांबवून मुलांना म्हणालीस, "हे तुमचं चुकलं नाही. उदाहरण मी दिलं, ते एका बाजूनं चाललं आणि दुसऱ्या बाजूनं मोडलं. आता मलाच दुसरं शोधावं लागेल." मी तेव्हा कॉलेजमध्ये बऱ्याच हुशार लोकांना ऐकत होते. आपलं उदाहरण मोडलं असं मुलांसमोर म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसरं तू तिथल्या तिथे शोधलंस. "उभे राहा. आपणच वर्णमाला होऊ."

मुलं कमी पडली. मग तू दुपारच्या गाडीसाठी लवकर आलेल्या, फण्या धुणाऱ्या बायकांना बोलावलंस, भरणाऱ्या माणसांना बोलावलंस, मोठीआईला ओट्यावरून उठवून पहिल्या जागी ए म्हणून उभं केलंस. माझे बाबा मागेच घुटमळत होते. त्यांना तू शेवटी उभं केलंस.

"नाना, तुम्ही झेड."

बाबांनी सगळं ऐकलेलं होतं. "म्हणजे सुटं केळं मीच का?"

"तुम्हीच. तुम्हाला सोडलं म्हणून तर सगळ्यांचं उत्तर चुकलं."

बाबा टोपी नीट करून उभे राहिले. घरी गेल्यावर त्यांनी आईला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आज मी झेड होतो. त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत. आता मात्र ट्रकच्या नंबरात झेड दिसला की मला हाक मारून दाखवतात.

तरी एक माणूस कमी भरलं. तू मोजलंस, पंचवीस. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "मी रंजना, मी आरच्या जागी उभी राहते. वैशू, तू बाहेर ये आणि मोज, तुझ्या जागी क्रेट ठेवू."

मी नाही म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी व्हीच्या जागेवरून हललेच नाही. तू आग्रह केला नाहीस. एक रिकामा क्रेट उचलून क्यू आणि एसच्या मध्ये ठेवलास आणि म्हणालीस, "बरं, हा क्रेट म्हणजे मी."

"वजन तेवढंच भरेल," मोठीआई रांगेच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली.

मग तू मोजलंस. तन्वी एच होती. ए-पासून मोजत आलीस तर ती आठवी. झेडकडून मोजत आलीस तर एकोणिसावी. आठ आणि एकोणीस सत्तावीस. दुसऱ्याला मोजलंस, पुन्हा सत्तावीस. तिसऱ्याला, पुन्हा तेच. जळगावच्या सगळ्या क्लासमध्ये हे सांगतात, सत्तावीसमधून वजा करा, उलटा नंबर येतो. मीही पाठ केलं होतं. पण का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

"माणसं सव्वीस शेतस," तू म्हणालीस. "मंग सत्तावीस कसं उनं?"

मीही विचार करत होते. तन्वीनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं.

"अक्का, मला दोनदा मोजलं. तिकडून येताना पण आणि इकडून येताना पण."

तेव्हाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू तन्वीच्या डोक्यावर हात ठेवलास आणि बराच वेळ काढला नाहीस. मग म्हणालीस, "ज्याच्यापाशी थांबतो त्याला दोन्हीकडून मोजतो. म्हणून एक जास्त." त्या दिवसापासून मला कधी सूत्र आठवावं लागलं नाही. मला ती रांग दिसते.

सगळे पांगल्यावर तू मला म्हणालीस, "पुढच्या रविवारी तू घे."

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, ते मिटलंच नाही. माझं म्हणणं, मी अजून एकही परीक्षा पास झालेली नाही, मी कोणत्या तोंडानं शिकवू. तुझं म्हणणं, मोजायला पास व्हावं लागत नाही. मग मी तुझ्यावर उलटले. तू धुळ्याला शिक्षणशास्त्राची पदविका केलेली, शिक्षक भरतीची परीक्षा एकदा दिलेली, लग्नानंतर ते सगळं बाजूला ठेवलेलं. मी म्हणाले, "तू का परत देत नाहीस?"

"देईन."

"देईन म्हणजे हो का नाही?"

तू हसलीस. "माझंच मला? बरं, मग ऐक. तू एक रविवार घे, मग मी परीक्षा देते."

"आधी तू दे."

"आधी तू घे."

हे आपलं महिनोन् महिने चाललं. कपडे वाळत घालताना, एसटीत, फोनवर. मोठीआई एकदा वैतागून म्हणाली, "दोघी एकदमच करा, मंग भांडन मिटलं." आपण दोघी हसलो आणि विषय तिथेच राहिला. मला वाटायचं तू मला सरावासाठी चिडवतेस. आता वाटतं की तुलाही थोडी भीती असावी, माझ्यासारखीच. मला तसं विचारता आलं असतं. तू सगळ्यांना विचारायचीस, कुठून मोजलंस. तुला कोणी विचारलं का, हे मला माहीत नाही.

तुझ्या तापाबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेही मला नीट कळलं नाही. जळगावच्या त्या दवाखान्यात मी मोठीआईजवळ बाकावर बसले होते. समोर दारावर इंग्रजीत आयसीयू लिहिलेलं होतं. दुसरीकडे बघायला काही नव्हतं. आय नऊ, सी तीन, यू एकवीस. तेहतीस. मी परत मोजलं, परत तेहतीस. उलटं मोजलं. अठरा, चोवीस, सहा. अठ्ठेचाळीस. तेहतीस आणि अठ्ठेचाळीस एक्क्याऐंशी, म्हणजे तीन वेळा सत्तावीस. बरोबर आलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण बरोबर आलं.

"काय पुटपुटू राहिली व?" मोठीआईनं विचारलं.

"काही नाही."

"रंजीचंच काहीतरी म्हनत असशील," ती म्हणाली आणि माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. तुला जी सारखी टोचून बोलायची त्या मोठीआईनं त्या दिवशी दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच सांगितलं, माझी सून मुलांना शिकवते. नर्सला सांगितलं, झाडूवाल्या बाईला सांगितलं, लिफ्टजवळ उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. तू हे ऐकायला हवं होतंस. तुला ते घरात कधी ऐकायला मिळालं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचं आज, रविवारी दुपारी लिहिते.

सकाळी मी आईला काही न सांगता उठून शेडवर गेले. मोठीआई दार उघडून ओट्यावर बसली होती. मुलं आली. मी उभी राहिले आणि काहीतरी बोलले, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मागची मुलं म्हणाली, "ताई, मोठ्यानं." मी परत बोलले. तेही फार मोठ्यानं नव्हतं. मग मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, "उभे राहा. रांग करू."

त्यांना एवढंच हवं होतं. क्षणात सगळे आपापल्या जागा शोधायला लागले. मागच्या वेळचे एकदोन जण नव्हते, एकदोन नवे होते. बायका हात पुसत आल्या. बाबा सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी नीट केली. मोठीआई उठली आणि पहिल्या जागी गेली. मी बाहेर उभी होते, त्यामुळे व्हीची जागा रिकामी होती. तिथे भाऊ येऊन उभे राहिले. तुझे मिस्टर तासाला कधी आत आले नव्हते, तुला माहीतच आहे, दारातून बघायचे आणि बागेत निघून जायचे. आज न बोलावता आले. व्ही कुठे ते त्यांना बरोबर माहीत होतं.

मी अजून काही म्हणायच्या आत तन्वी आपली जागा सोडून पळाली, भिंतीजवळचा रिकामा क्रेट ओढत आणला आणि क्यू आणि एसच्या मध्ये ठेवला. क्यू झालेल्या मुलानं सरकून जागा केली.

मी मोजायला लागले. मोठीआईपासून. एक, दोन, तीन. पाचावर ई, दहावर जे, पंधरावर ओ. सोळा, सतरा. क्रेटपाशी आले आणि पुढचा आकडा मला म्हणता येईना. सगळी रांग थांबली. कोणी हललं नाही, कोणी हसलं नाही. मग तिकडच्या टोकाहून मोठीआई म्हणाली, "वैशे, मोज व. माहे पाय दुखून राहिले."

"अठरा," मी म्हणाले.

दुसऱ्या टोकाकडून बाबांनीच सुरुवात केली. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून "एक" म्हणाले आणि मग एकेकापाशी बोट करत येत राहिले. भाऊंपाशी पाच. पुढे सहा, सात, आठ. क्रेटपाशी येऊन ते थांबले, खाली वाकले आणि क्रेटच्या कडेला हात लावून म्हणाले, "नऊ."

"अठरा आणि नऊ?" मी विचारलं. या वेळी माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"सत्तावीस," रांग म्हणाली.

डब्ल्यू झालेली एक नवी पोर होती, सासरहून माहेरी आलेल्या कोणाची तरी. ती म्हणाली, "पण तिथं तर कोणीच नाही. मग कशाला मोजता?"

तन्वीनं माझी वाट पाहिली नाही.

"ती अक्काची जागा आहे," ती म्हणाली. "सोडली तर पुढचे सगळे चुकतील."

अक्का, मी तास घेतला. फार चांगला घेतला असं नाही. एका मुलाला उत्तर चुकल्यावर मी चूक म्हणून टाकलं आणि मग आठवण होऊन विचारलं, कुठून मोजलंस. अट तुझी होती आणि ती मी पूर्ण केली. पुढचं तुझ्याकडे होतं. ते कोणाकडे मागायचं, हे मला अजून कळत नाही. शिक्षक भरतीची परीक्षा तुझ्याऐवजी मी देऊ शकत नाही, त्यासाठी लागणारं शिक्षण माझ्याकडे नाही. पण मी ते घेईन असं मला आज पहिल्यांदा वाटलं. हे मी अजून घरी कोणाला सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे.

दुपारी गाडी आली. शेडमध्ये घड उतरवायला सुरुवात झाली, पाण्याचा आवाज सुरू झाला, मुलं घरी गेली. मी कोपऱ्यात माझी ओढणी शोधत होते. बाबांना एक क्रेट कमी पडला, म्हणून ते मध्ये ठेवलेला तो रिकामा क्रेट उचलायला वाकले.

मोठीआई ओट्यावरून म्हणाली, "तो नको. दुसरा घे."

बाबांनी दुसरा घेतला.